मोहरीचा वास

आघाडीचा सरदार, फितावरारी एंगिदा, याच्या फौजेत आठशे बंदुका होत्या असं अजूनही सांगतात. खोटं आहे. बंदुका होत्या साडेतीनशे, त्यातल्या शंभरेक आजोबांच्या काळच्या, भिंतीवरून काढून आणलेल्या. आठशे होती ती तोंडं. त्या आठशे तोंडांना रोज घास पुरवायला साठ बाया होत्या. त्यांची मोजदाद कुणी केली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

वर्कनेश त्या साठजणींची मुकादम. वय चाळिशीचं, तोंड फाटकं, हात चपळ. तीन मोहिमा तिने पाठीवर दळायचा दगड बांधून केल्या होत्या. त्या मुलखात फौज निघाली की पुढे बंदुका, मधे खेचरं आणि सगळ्यांच्या मागे बाया. संध्याकाळी तळ पडला की बंदूकवाला पाय पसरतो. बाईचं काम तेव्हा सुरू होतं.

या खेपेला मात्र तिचा मणका धरला होता. दगड पाठीवर घेतला की पाय लुळे पडायचे. म्हणून तिने धाकट्या बहिणीला मागून घेतलं. असेगेदेच, घरात सगळे असेगे म्हणत. तेवीस वर्षांची, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, आणि त्याचं जराही दुःख न करणारी. त्यांची आई द्यायला तयार नव्हती. मागच्या लढाईने म्हातारीचा नवरा नेला होता. तिने असेगेचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "एक पोरगी चुलीपुढे राहू दे माझ्या." तेव्हा वर्कनेशने मरियमची शपथ घेतली. "जशी नेते तशी परत आणीन. एक बोटसुद्धा तुटू देणार नाही." म्हातारीने हात सोडला. शपथेवर सोडला, मनाने नाही.

तळ पडला होता टेकेझे नदीच्या काठावर, उताराच्या वर, कपारींच्या रांगेत. समोरच्या काठाला कुठेतरी तल्यान होते, म्हणजे इटलीचं लष्कर. दिवसा त्यांची विमानं यायची, म्हणून दिवसा धूर करायचा नाही असा हुकूम होता. दिवस मावळला की कपारीच्या आत तवे तापायचे.

त्यात ख्रिस्तजन्माआधीचा उपास चालू होता. त्रेचाळीस दिवस मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. सूर्य उगवल्यापासून नववा तास होईपर्यंत, म्हणजे उन्हं पार कलेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. फौजेबरोबर आलेले धर्मगुरू अब्बा वोल्दे सांगून थकले होते की लढाईत असणाऱ्याला देव माफ करतो, खा. पण पहिला घास कोण घेणार? शेजारी बघतोय, उद्या गावात सांगेल. आठशे माणसं एकमेकांकडे बघत उपाशी राहत होती.

खायला होतं तरी काय? दोन दिवस झाले, माणशी मूठभर भाजलेले जव. उपासाचं तोंड खवळलेलं असतं. त्याला कारळ्याच्या तेलातलं डाळीचं कालवण लागतं, आणि सिल्जो लागतो. सिल्जो म्हणजे बाकला नावाच्या कडधान्याच्या पिठात मोहरी वाटून आंबवलेलं, नाकात जाणारं कालवण. त्याच्याशिवाय उपास म्हणजे नुसती उपासमार. लेम्मा नावाचा एक म्हातारा शिपाई रोज कपारीशी येऊन विचारायचा, "एतेते, आज सिल्जो?"

"आहे की," वर्कनेश म्हणायची. "डोळे मिटून जव चाव आणि आईची आठवण काढ."

त्या मुलखात थोरल्या बहिणीला एतेते म्हणतात. फौजेने तिला सगळ्यांचीच थोरली बहीण करून टाकलं होतं. त्यात काही खर्च येत नाही.

उपासाच्या बत्तिसाव्या दिवशी पहाटे अकरा खेचरं आली. फितावरारीच्या जहागिरीतून नऊ दिवस चालून आलेली, कातडी पोत्यांत तेफ आणि जव. तेफ म्हणजे राईहून बारीक दाणा, त्यांचं खरं अन्न. पोती उताराखाली, पाण्याच्या वाटेवर उंबराच्या झाडांखाली रचली गेली. वर चढवायला खेचरांत दम नव्हता.

कोठीचा कारभारी देरेसे छाती काढून हिंडायला लागला. "परवा नदी ओलांडायची," त्याने सांगितलं. "उद्या नवव्या तासाला फितावरारी फौजेला जेवू घालणार. आज दळा, रात्री भाजा. जेवू न घालता लढायला नेलं असं एंगिदाच्या घराण्यात झालेलं नाही."

त्या लोकांत सरदाराचा मान त्याच्या तलवारीत नसतो, त्याच्या पंगतीत असतो. पंगतीसाठी दळणारीचा मान कशात असतो हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच सकाळी विमानं आली. तीन. सगळे कपारीत घुसले, बाया आत, खेचरं झाडांखाली. वर्कनेशने असेगेचं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलं. वरून काहीतरी पडल्याचे धप्प धप्प आवाज आले. धरणी हादरली नाही. आग नाही, धूर नाही. विमानं वळून गेली.

लेम्माने आधी मान बाहेर काढली. "पिंपं आहेत," तो म्हणाला. "पडली आणि फुटली, बस. दारूगोळा संपला वाटतं त्यांचा. आता भांडी फेकतायत."

"उद्या बायका फेकतील," कुणीतरी म्हणालं.

"फेकल्या तरी लेम्माच्या वाट्याला फुटकीच येईल," असेगे आतून बोलली, आणि कपारभर हशा उठला. चार दिवसांत पहिल्यांदा फौज हसली होती.

मग वारा उताराकडून वर आला. वास होता. मोहरीचा. थोडा लसणासारखा, थोडा कुजका, पण मोहरीचाच. आठशे उपाशी नाकं एकदम वर झाली.

"एतेते," असेगे म्हणाली, "सिल्जो."

"शेजारच्या फौजेचे रांजण फुटले असतील."

"नाहीतर तल्यानलाच कीव आली. म्हणाला, बिचारे कोरडं खातायत, थोडी मोहरी टाका."

लोक खाली बघायला गेले. उंबराखालचं गवत तेल शिंपडल्यासारखं चकाकत होतं. पोत्यांच्या वरच्या थरावर पिवळसर, तेलकट थेंब होते. काही पोती शिवणीतून भिजली होती. फुटलेल्या पिंपांशी जाऊन पोरांनी काठीने ढोसलं, वास घेतला, नाक मुरडलं. विष म्हणजे कडू असतं, गोळी म्हणजे आवाज करते, एवढं त्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरातला वास माणूस मारतो हे त्या दिवशी त्या काठावर कुणाला माहीत असणार? ज्यांना माहीत होतं ते वर विमानात बसले होते. ते शिकले-सवरलेले लोक होते.

वर्कनेश पोत्यांपाशी उभी राहिली. तिने हात लावला नाही. नुसती वास घेत राहिली. मग कारभाऱ्याकडे गेली. थोरल्या पुरुषाला तिकडे मानाने गाशे म्हणतात.

"गाशे देरेसे, ही मोहरी नाही."

"मग काय आहे?"

"ते मला नाही कळत. पण मोहरी नुसती सांडून वास मारत नाही. कुटावी लागते, भिजवावी लागते, झाकून ठेवावी लागते. हे आत्ता पडलं आणि आत्ता वास? असं होत नाही. मी जन्मभर वाटलीय ती."

"बरं. मग?"

"वरची पोती बाजूला काढा. खालचं तेवढं दळू."

"खालचं किती आहे?"

"निम्मं."

देरेसे हसला. दुष्ट माणूस नव्हता तो. पण त्याच्या पोटातही दोन दिवस काही नव्हतं आणि त्याच्या डोक्यावर फितावरारीचा मान होता. "म्हणजे पंगतीत निम्म्यांना वाढायचं आणि निम्म्यांना सांगायचं, मुकादमीणबाईंना वास आवडला नाही म्हणून? कातडं आहे ते, पुसून घ्या. धान्य आत आहे."

"शिवणीतून मुरलंय, गाशे."

"मग वाळवा. तुला एवढं कळतं तर फितावरारीच्या शेजारी जाऊन बस. मी दळतो."

लोक हसले. वर्कनेश हसली नाही, पण वळली. इथेच ती नंतर थांबत राहिली, आयुष्यभर, या वळण्यापाशी. नाही म्हणाली असती तर काय झालं असतं? दोन काठ्या पाठीत बसल्या असत्या. मुकादमी गेली असती. देरेसेने दुसरीला उभं केलं असतं आणि धान्य दळलं गेलंच असतं. पण असेगेच्या हातांनी नसतं.

तिने कपारीत येऊन बायांना बसवलं. चौदा दगड मांडले गेले. पोती उचलून आणणारे गडी अनवाणी गवतातून वर आले. असेगे गुडघ्यांवर बसली, बाह्या वर केल्या.

"दळू का?" तिने विचारलं. "तुझा चेहरा असा का झालाय?"

वर्कनेशने स्वतः दगडावर वाकून पाहिलं. कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ती सरळ झाली आणि म्हणाली, "दळ."

असेगेने दळलं. दुपारभर दळलं. ओलसर दाणे दगडाला चिकटायचे, ती तळहाताने खरवडून पुन्हा घासायची. कपाळावरचा घाम त्याच हाताने पुसायची. पीठ उडत होतं, बायांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ती गात होती, दळताना नेहमी गायची. फितावरारीच्या खेचराला नवरा करून देण्याचं गाणं, दर कडव्याला जास्त वाह्यात. पलीकडच्या बाया दगड थांबवून हसत होत्या. नवव्या तासाला सगळ्यांनी उरलेले भाजलेले जव खाल्ले आणि परत बसल्या.

इंजेरा म्हणजे त्यांची तेफाची आंबोळी, तिचं पीठ तीन दिवस आंबवावं लागतं. तेवढा वेळ नव्हता. म्हणून बिनआंबवलेल्या जाड भाकऱ्या करायच्या ठरल्या. दिवस मावळताना तवे तापले. वर्कनेश तव्यापाशी, भोपळ्याच्या डावाने पीठ ओतत होती. असेगे डोळे चोळत आली.

"धूर फार झालाय."

"आत्ता तर चूल पेटलीय."

"मग पीठ गेलं असेल. चुरचुरतंय. आणि माझा आवाज बघ कसा झालाय, लेम्मासारखा."

"नीज जा. उद्या वाढायला पाहिजेस."

"मी वाढणार? पंगतीत?"

"तू दळलंस, तूच वाढ."

ती खूश होऊन गेली. पंगतीत वाढायला मुकादमीण आणि जुन्या बायाच जायच्या. तिला पुरुषांच्या तोंडावर ते खेचराचं गाणं म्हणायचं होतं, तसं ती वर्कनेशला म्हणालीसुद्धा.

पहाटे भाकऱ्यांच्या टोपल्या भरल्या. बावीस टोपल्या, वर पानं झाकलेली. आठशे माणसांना त्या वासाने झोप लागली नव्हती, पण कुणी हात लावला नाही. नववा तास दूर होता.

उजाडलं तेव्हा कपारीत कण्हणं चालू होतं. दगडावर बसलेल्या चौदाही बायांना डोळे उघडत नव्हते. पापण्या सुजून गच्च मिटल्या होत्या, कडांतून पाणी वाहत होतं. वर्कनेशने असेगेचा हात हातात घेतला. तळहातावर, मनगटावर, कोपरापर्यंत फोड होते, पाण्याने भरलेले, एकेक लिंबाएवढा. गुडघे तसेच. कपाळावर, जिथे घाम पुसला होता तिथे, तसेच.

"एतेते, दिवा लाव ना."

बाहेर ऊन पडलं होतं.

वर्कनेश उठली. तिच्या स्वतःच्या तीन बोटांवर फोड होते, एवढंच. ती टोपल्यांपाशी गेली, पहिली टोपली उचलली आणि कपारीच्या कडेवरून खाली घळीत पालथी केली. मग दुसरी. कमरेतली कळ होती की नव्हती हे तिला कळलं नाही. तिसरीला देरेसे धावत आला आणि त्याने पाठीत काठी घातली. तिने चौथी उचलली.

"वेड लागलं तुला? आठशे माणसांचं अन्न आहे ते."

"माझ्या बहिणीचे हात बघून ये."

"आधी टोपली ठेव."

"जा, बघून ये. मग मार, हवं तेवढं मार."

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. पोती वाहणारे गडी पाय टाकू शकत नव्हते, तळवे सोलून निघाले होते. उंबराखाली रात्री चरलेली खेचरं आडवी पडली होती, तोंडाला फेस. देरेसे कपारीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने काठी टाकली आणि पाचवी टोपली स्वतः उचलली.

फितावरारी एंगिदा वरच्या तंबूतून आला. त्याने घळीत पडलेल्या भाकऱ्या पाहिल्या, गड्यांचे पाय पाहिले. कपारीत तो गेला नाही. बायांच्या जागी त्याने जाणं रीतीला धरून नव्हतं. अब्बा वोल्देंना बोलावलं गेलं आणि थोड्या वेळाने सगळ्या फौजेसमोर अब्बांनी हात वर केले. नवव्या तासाआधी कुणी घास घेतला नाही म्हणून देवाने आठशे जीव वाचवले, उपासाने वाचवले, असं ते म्हणाले. ढोल वाजले. माणसं गुडघ्यांवर आली आणि रडली. खरंच रडली, ते ढोंग नव्हतं. लेम्मासुद्धा जमिनीला कपाळ टेकून होता.

उपासाने आठशे वाचवले हे खरं आहे. चौदाजणींनी आधी दळलं म्हणून ते कळलं, हेही खरं आहे. दुसरं वाक्य त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. म्हणून मी म्हणतोय.

त्या चौदांतल्या नऊ गेल्या. असेगेला तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी तिने पाणी मागितलं, ते खाली उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज पूर्ण गेला, नुसती हवा येत होती. वर्कनेश तिच्या ओठांशी कान नेऊन बसली होती. हाताला हात लावता येत नव्हता, कातडं निघून यायचं. म्हणून तिने केसांवर हात ठेवला होता. तेवढी एकच जागा धड राहिली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी असेगे काहीतरी बोलली. वर्कनेशने कान आणखी जवळ नेला.

"जेवले का सगळे?"

वर्कनेशला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटलेली, कपारीत पडलेली, तिने ढोल ऐकले होते आणि तिला वाटलं होतं पंगत झाली.

"जेवले," वर्कनेश म्हणाली.

"पुरलं?"

"पुरलं. उरलंसुद्धा."

"लेम्मा?"

"लेम्माने चार खाल्ल्या. वर म्हणतोय, पीठ कुणी दळलं, एकदम बारीक आहे. फितावरारीने विचारलं, ही कोण दळणारी. मी म्हटलं, माझी बहीण."

सुजलेल्या तोंडावर हसू कुठे दिसणार. पण श्वास एकदा हलका झाला, तो हसल्याचाच होता. मग तिने आणखी काही विचारलं नाही. उन्हं कलली तेव्हा ती गेली.

गड्यांपैकी चौघे गेले होते, त्यांना जवळच्या गावातल्या देवळाच्या आवारात जागा मिळाली. बायांसाठी घळीच्या तोंडाशी खड्डे खणले. अब्बांनी मंत्र म्हटले, घाईने, कारण फौज निघायची होती. मातीत दगड फार होते. वर्कनेशने ते एकेक वेचून बाजूला केले, मऊ माती तेवढी आत लोटली.

सकाळी देरेसे आला. चार पावलं लांब उभा राहिला.

"एतेते, नदी ओलांडतोय. पलीकडच्या गावातून जव मिळालेत. धड बाया शेचाळीसच उरल्यात, तूही नसलीस तर त्यांना हाकायला कोणी नाही."

ती आपला शेला झटकत होती.

"तुझं दुःख मला कळतं," तो म्हणाला. "पण फौजेला जेवू कोण घालणार?"

"फितावरारीला सांग. त्याचा मान आहे ना तो."

"असं बोलू नकोस."

"मी तुला सांगितलं होतं, ही मोहरी नाही. मग तू म्हणालास दळा, आणि मी तिला म्हटलं दळ. तुझं तू बघ. मला माझं घरी जाऊन सांगायचंय."

 तिने दगड तिथेच ठेवला, तवा तिथेच ठेवला, आणि रिकाम्या पाठीने उतारावरून उलट्या दिशेला लागली. फौजेतून तिला कुणी अडवलं नाही. लेम्मा वाटेत उभा होता. त्याने डोक्यावरचं फडकं काढलं. ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

घर आठ दिवसांच्या वाटेवर होतं. आठही दिवस ती आईला काय सांगायचं ते जुळवत चालली. लढाईत गेली म्हणावं, तर म्हातारी विचारील, गोळी कुठे लागली. तापाने गेली म्हणावं, तर विचारील, तू कुठे होतीस. खरं सांगावं, तर त्यात एक शब्द येतो, आणि तो शब्द वर्कनेशच्या तोंडचा आहे. चालताना ती तो शब्द वगळून सगळं सांगून बघायची. प्रत्येक वेळी गोष्ट तिथेच अडायची.

नवव्या दिवशी ख्रिस्तजन्माचा सण होता. उपास सुटला होता. वळणावरून खाली गाव दिसलं, प्रत्येक छपरातून धूर, लोण्यात कोंबडी शिजल्याचा वास थेट वरपर्यंत. आईच्या छपरातूनही धूर येत होता. म्हातारी दारात आली, हाताने डोळ्यांवर आडोसा केला आणि वाटेकडे बघत उभी राहिली. दोघी येताना दिसतात का, ते बघत असणार.

वर्कनेश वळणाच्या आत मागे सरकली आणि खाली बसली. थोडा दम खाऊन उतरते, असं तिने स्वतःला सांगितलं. उन्हं कलली, गावातले ढोल थांबले, गुरं घरी आली. ती तिथेच बसून होती.